विरळ हवेंतील उडी

उंचावरून पडण्याचें भय माणसाला उपजतच असतें. फांदीवरून पडलें तर हात मोडतो, माडीवरून पडलें तर जिवावर बेततें. तेव्हां जितकी उंची अधिक तितका धोका अधिक, हा हिशोब प्रत्येकाच्या मनांत पक्का बसलेला असतो. पण आकाशाच्या अगदीं वरच्या थरांतून, वीस, तीस, चाळीस किलोमीटरांवरून, हवाई छत्री बांधून उडी घेणाऱ्या माणसाच्या बाबतींत हा हिशोब चुकतो. पाठीवर चांगली छत्री असली म्हणजे जमीन त्याला फारशी भिववीत नाहीं. ज्या गोष्टीनें त्याचा जीव जाण्याचा संभव असतो ती जमिनीपासून फार दूर, उडीच्या पहिल्या एकदोन मिनिटांत किंवा उडीच्याहि आधीं घडते. आणि तिचें कारण बहुतेक वेळां एकच असतें. तेथें हवा फार थोडी असते.

ही उंची नेमकी किती, याची कल्पना प्रथम करून घेतली पाहिजे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचें. तें १,६४६ मीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. प्रवासी विमानें दहा ते बारा किलोमीटरांवरून जातात. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २०२३ च्या नोव्हेंबरांत एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली ती २१,५०० फुटांवरून, म्हणजे साडेसहा किलोमीटरांवरून; आणि एवढ्या उंचीवरसुद्धां हवा इतकी विरळ असते कीं प्राणवायूची सोय करूनच जावें लागतें. आतां याच्या पांचसहापट उंची मनांत आणावी. अमेरिकेच्या विमानदळाचे कॅप्टन जोसेफ किटिंजर यांनीं १९६० सालीं १,०२,८०० फुटांवरून, म्हणजे ३१ किलोमीटरांहून अधिक उंचीवरून उडी घेतली. ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर २०१२ सालीं ३८,९६९ मीटरांवरून उतरले, आणि दोनच वर्षांनीं अमेरिकेचे ॲलन यूस्टेस ४१,४१९ मीटरांवरून.

इतक्या वर नेऊन तेथें स्वस्थ उभें राहणारें वाहन एकच आहे, तें म्हणजे हेलियम वायूनें भरलेला फुगा. विमानाच्या पंखांना आधार देण्याइतकी हवा तेथें नसते, आणि अग्निबाण कोठें थांबत नाहीं. बाउमगार्टनर यांच्या फुग्याचें प्लास्टिक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकें पातळ होतें, आणि त्यांत आठ लक्ष घनमीटरांहून अधिक वायु मावत होता. असे फुगे भारताला अपरिचित नाहींत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें हैदराबादेस फुग्यांचें केंद्र चालवून तेथून कित्येक शास्त्रीय उपकरणें वर पाठविलीं आहेत. खुद्द मुंबईंतून २६ नोव्हेंबर २००५ रोजीं उद्योगपति विजयपत सिंघानिया हे तापलेल्या हवेच्या फुग्यांतून २१,०२७ मीटरांवर गेले आणि नाशिक जिल्ह्यांत उतरले. पण ते आंत हवेचा दाब राखलेल्या बंद कोठडींत बसून गेले, आणि तींतच बसून खालीं आले. अशा कोठडीचें दार उघडून बाहेर पाऊल टाकणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे.

येथें सामान्य माणसाला दोन शंका हटकून येतात. पहिली अशी, कीं अंतराळवीर वर तरंगतांना दिसतात, मग हा मनुष्य खालीं पडतो तरी कां? याचें उत्तर सोपें आहे. पृथ्वीच्या आकारापुढें चाळीस किलोमीटर ही उंची क्षुल्लक होय. तेथें गुरुत्वाकर्षण शेंकडा एकाच्या आसपास कमी होतें, अधिक नाहीं. अंतराळवीर तरंगतात ते पृथ्वीभोवतीं ताशीं अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानें फिरत असतात म्हणून. फुग्याला लोंबकळणारा मनुष्य तसा फिरत नसतो. हात सुटला कीं तो विहिरींत टाकलेल्या खड्यासारखा खालींच येतो. दुसरी शंका, उल्का जळते मग माणूस कां जळत नाहीं? त्याचा वेग अंतराळयानाच्या वीस हिश्श्यांनीं असतो, म्हणून हवेवर आपटून निर्माण होणारी उष्णता चारशें हिश्श्यांनीं असते. बाउमगार्टनर यांच्या परम वेगाच्या क्षणीं समोरची हवा सुमारें सत्तर अंशांनीं तापली असली पाहिजे. पण ती मुळांत शून्याखालीं पन्नास अंशांच्या आसपास होती. सारें तापून ती मुंबईच्या हिवाळ्यांतील पहांटेइतकी उबदार झाली, एवढेंच.

तेव्हां पडणें टळत नाहीं आणि जळणें संभवत नाहीं. मग भय कशाचें? तें समजण्यासाठीं स्वयंपाकघरांत डोकवावें. महाबळेश्वरास डाळ शिजायला मुंबईपेक्षां अधिक वेळ लागतो. कारण तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंश तापण्यापूर्वींच, पंचाण्णव अंशांच्या सुमारास, उकळूं लागतें. जितकें वर जावें तितका हा उकळण्याचा अंश खालीं येतो. सुमारें १९ किलोमीटरांवर तो सदतीस अंशांवर येऊन पोचतो; आणि सदतीस अंश म्हणजे माणसाच्या अंगाचीच ऊब. अमेरिकेच्या विमानदळांतील वैद्य हॅरी आर्मस्ट्राँग यांच्या नांवानें ही सीमा ओळखली जाते. तिच्यापलीकडे उघड्या माणसाच्या जिभेवरील लाळ, डोळ्यांतील पाणी, फुफ्फुसांतील ओल यांची वाफ होऊं लागते. रक्त उकळतें असें लोक म्हणतात तें शब्दशः खरें नाहीं, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तावर आपला दाब ठेवून असतात. पण त्यानें फारसा दिलासा मिळत नाहीं. फुफ्फुसांतून रक्तांत जावयाचा प्राणवायु उलट रक्तांतून फुफ्फुसांत येऊन बाहेर जातो, आणि दहापंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. १९६६ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें अंतराळवीराच्या पोशाखाची निर्वात कोठडींत परीक्षा चालली असतां हवेची नळी निसटली आणि आंतील तंत्रज्ञ पंधरा सेकंदांच्या आंत कोसळला. कोठडींत तात्काळ हवा सोडल्यामुळें तो वांचला. शुद्ध जाण्यापूर्वींची त्याची शेवटची आठवण म्हणजे जिभेवर लाळ खदखदत असल्याची.

म्हणून अशी उडी घेणारा आपलें वातावरण अंगावर घालूनच निघतो. त्याचा पोशाख म्हणजे माणसाच्या आकाराची हवाबंद पिशवी. तींत जमिनीवरील दाबाच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतका दाब ठेवतात; मात्र आंत श्वासाला शुद्ध प्राणवायु असतो, त्यामुळें कमी दाबांतहि फुफ्फुसांना पुरतें. दाब याहून वाढविला तर पोशाख फुटबॉलसारखा टणक होतो आणि आंतल्या माणसाला कोपर वांकविणेंहि कठीण पडतें. उडी घेण्यापूर्वीं कित्येक तास त्याला शुद्ध प्राणवायु हुंगीत बसवितात, त्याचेंहि कारण दाबच. माणसाच्या रक्तांत व चरबींत नत्रवायु विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीची गोळी आंत ढकलतांच जसे बुडबुडे उसळतात तसे दाब एकाएकीं उतरला कीं या नत्रवायूचे बुडबुडे सांध्यांत आणि मेंदूंत उठतात. तो आधींच धुऊन काढलेला बरा. या पोशाखांतील कोंडलेपण साधें नव्हे. विमानांतून व कड्यांवरून शेंकडों उड्या घेतलेले बाउमगार्टनर या पोशाखाच्या धास्तीनें एकदां प्रयोग सोडून घरीं निघून गेले होते. मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊन ते परत आले.

आतां वेगाकडे वळावयाचें. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ताशीं सुमारें ३५ किलोमीटरांनीं वाढतो. हवा नसती तर तो वाढतच गेला असता. परंतु हवेचा विरोधहि वेगाबरोबर वाढतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत. आणि एका वेगाला तो माणसाच्या वजनाइतका होऊन तोल साधतो. जमिनीजवळ, हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाच्या बाबतींत, हा वेग ताशीं सुमारें २०० किलोमीटर असतो. हवा चौपट विरळ असेल तर तोल दुप्पट वेगाला साधेल. शंभरपट विरळ असेल तर दसपट वेगाला. बत्तीस-तेहेतीस किलोमीटरांवर हवा शंभरपट विरळ असते, म्हणजे तेथें ताशीं २,००० किलोमीटरांपर्यंत हवा आडवी येणार नाहीं. मात्र तितका वेग येण्यापूर्वींच माणूस खालच्या दाट थरांत शिरतो. अठ्ठावीस किलोमीटरांवर हवा जमिनीपेक्षां सुमारें पन्नासपट विरळ. पन्नासाचें वर्गमूळ सात; दोनशेंची सातपट चौदाशें. आणि बाउमगार्टनर यांचा परम वेग भरला ताशीं १,३५७ किलोमीटर, तोहि जवळजवळ याच उंचीवर. एवढ्या मोठ्या साहसाचें उत्तर शाळेंतल्या गणितानें इतकें जवळ यावें, याची मौज वाटते. त्यानंतर छत्री न उघडतांहि वेग आपोआप उतरूं लागतो, कारण हवेचा प्रत्येक खालचा थर वरच्यापेक्षां दाट असतो.

असल्या उड्यांचा खटाटोप मुळांत कशासाठीं झाला, हें येथें सांगितलें पाहिजे. पैज किंवा प्रसिद्धि यांसाठीं तो सुरू झाला नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत लढाऊ विमानें इतक्या उंचीवर जाऊं लागलीं कीं तेथें विमान मोडलें तर वैमानिकानें काय करावें, हाच प्रश्न पडला. बाहेर पडतांच छत्री उघडावी, तर ती त्याला त्या गोठविणाऱ्या, प्राणवायुहीन थरांत कितीतरी वेळ लोंबकळत ठेवील आणि तो जमिनीला लागेपर्यंत मेलेला असेल. छत्री न उघडतां दाट हवेपर्यंत तसेंच पडावें, तर दुसरें संकट उभें राहतें. खालच्या हवेंत उडी घेणारा मनुष्य पोहणाऱ्यासारखा हातापायांनीं हवेला रेटून आपलें अंग सांवरतो. वरती रेटायला हवाच नसते. सुटतांना अंगाला जो किंचित् हिसका बसला असेल तो तसाच राहतो, आणि थोडी हवा लागूं लागली कीं भिरभिऱ्याप्रमाणें त्याला गति मिळून माणूस आडवा गरगरूं लागतो. अमेरिकन विमानदळानें वरून टाकलेले माणसाच्या आकाराचे पुतळे मिनिटाला दोनशें फेऱ्यांपर्यंत फिरले. अशा फिरण्यांत रक्त डोक्याकडे व पायांकडे फेंकलें जातें. डोळ्यांतील आणि मेंदूंतील बारीक वाहिन्या फुटतात. लवकर उघडली तरी मरण, उशिरा उघडली तरी मरण, अशी ही पंचाईत होती.

तोड काढली ती फ्रान्सिस बोप्रे या विमानदळांतील तंत्रज्ञानें. मोठ्या छत्रीच्या आधीं सहा फुटांची एक लहान छत्री उघडावी; ती माणसाला फारसा थांबवीत नाहीं, पण पतंगाच्या शेंपटीसारखी त्याला सरळ ठेवते. कल्पना साधी, पण ती कोणीतरी स्वतः पडून पाहिल्यावांचून तिच्यावर भरंवसा कोण ठेवणार? किटिंजर यांनीं तें काम पत्करलें. १६ नोव्हेंबर १९५९ रोजींच्या पहिल्याच उडींत ही लहान छत्री वेळेआधीं सुटली, तिची दोरी त्यांच्या मानेभोवतीं आवळली आणि मिनिटाला १२० फेरे खात ते बेशुद्ध झाले. आपोआप उघडणारी राखीव छत्री होती म्हणून जीव वांचला. यानंतर पंचविसाव्या दिवशीं ते पुन्हां वर गेले, आणि यंत्रणेनें बरोबर काम दिलें.

तिसरी उडी १६ ऑगस्ट १९६० ची. फुगा वर चढत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं उजव्या हातमोज्यांत दाब येत नाहीं. ही गोष्ट त्यांनीं खालच्या लोकांना लगेच कळविली नाहीं; कळविली तर उडी रद्द होईल ही भीति होती. हात सुजून दुप्पट झाला व निकामी पडला. हें धैर्य खरें, पण अनुकरणीय खासच नव्हे. मोज्याऐवजीं शिरस्त्राण गळलें असतें तर सांगायला ते उरले नसते. ३१ किलोमीटरांवरून पाऊल टाकल्यावर ते ४ मिनिटें ३६ सेकंद त्या लहान छत्रीच्या शेंपटीनें सरळ राहून पडले, ताशीं ९८८ किलोमीटरांचा वेग गाठला, मग मोठी छत्री उघडून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत सुखरूप उतरले. कांहीं तासांत हातहि पूर्ववत् झाला.

दोन वर्षांनीं रशियनांनीं याच पंचाइतीचीं दोन्हीं टोकें एकाच दिवशीं पारखलीं. १ नोव्हेंबर १९६२ रोजीं व्होल्गा नदीकांठच्या वोल्स्क गांवाजवळून एकाच फुग्यांतून येव्गेनी आंद्रेयेव्ह आणि प्योत्र डोल्गोव्ह वर गेले. आंद्रेयेव्ह यांनीं २५,४५८ मीटरांवर उडी टाकली आणि लहान छत्रीचाहि आधार न घेतां साडेचोवीस किलोमीटर मोकळे पडून, जमीन एक किलोमीटरवर आली तेव्हां छत्री उघडली. डोल्गोव्ह यांनीं उडी घेतांच छत्री उघडावयाची होती. ते आणखी वर, २८,६४० मीटरांवर, बाहेर पडले. पडतांना शिरस्त्राणाची कांच पाळण्याच्या एका भागावर आपटून तडकली. तेवढ्या फटींतून पोशाखांतील दाब निघून गेला. छत्री ठरल्याप्रमाणें उघडली, आणि तिनें त्यांचा देह हलकेच जमिनीवर आणून ठेवला.

न्यू जर्सीचे निक पियांतानिदा हे सैनिक नव्हते, शास्त्रज्ञहि नव्हते. ट्रक चालविणारा हौशी मनुष्य. १९६६ च्या फेब्रुवारींत ते १,२३,५०० फुटांवर पोचले, किटिंजर यांच्यापेक्षां बरेच वर. उडीची वेळ आली आणि पाळण्याला जोडलेली प्राणवायूची नळी निघेना. हातमोज्यांतल्या ताठ बोटांनीं त्यांनीं खटपट केली, ती व्यर्थ गेली. अखेर खालून फुगा तोडून त्यांना पाळण्यासकट उतरविलें. मेच्या पहिल्या तारखेला ते पुन्हां निघाले. सत्तावन्न हजार फुटांच्या सुमारास रेडिओवर हवा सूं सूं करीत सुटल्याचा आवाज आला. पाळणा तात्काळ खालीं आणला, तेव्हां ते जिवंत होते, पण मेंदू प्राणवायूवांचून राहिला होता. ते शुद्धीवर आले नाहींत. २९ ऑगस्टला वारले. डोल्गोव्ह काय किंवा पियांतानिदा काय, दोघांचाहि घात पडण्यानें झाला नाहीं. एकाला कांचेची चीर नडली. दुसऱ्याची तर उडीच झाली नाहीं.

बाउमगार्टनर यांची १४ ऑक्टोबर २०१२ ची उडी अधिक गाजली, कारण ती जगभर लोकांनीं घरबसल्या पाहिली. खालून त्यांच्याशीं बोलणारा आवाज किटिंजर यांचा होता. ते तेव्हां चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. बाउमगार्टनर यांनीं लहान छत्री मुद्दाम उघडावयाची नव्हती. मात्र मनगटावर एक यंत्र होतें, आणि फिरण्याचा ताण वजनाच्या साडेतीनपटीहून अधिक होऊन सलग सहा सेकंद टिकला तर तें यंत्र ती छत्री आपण होऊन सोडणार होतें. चौतिसाव्या सेकंदाला त्यांनीं ध्वनीचा वेग ओलांडला. थंड हवेंत ध्वनि सावकाश चालतो, तेव्हां तेथें तो ताशीं अकराशें किलोमीटरांच्या आंतच असतो. ध्वनीची ही सीमा ओलांडतांना हवेचे धक्के उघड्या अंगाला फाडतील कीं काय, ही शंका जाणत्यांनाहि होती. परंतु विरळ हवेंत त्या धक्क्यांत जोर फारसा नव्हता, आणि तसें कांहींच झालें नाहीं. झालें तें जुनेंच संकट. ते गरगरूं लागले, जलद, आणखी जलद. पाहणाऱ्यांचा श्वास अडकला. यंत्राची मर्यादा गांठण्याआधींच ते दाट हवेंत आले, हातांना रेटायला कांहींतरी मिळालें, आणि त्यांनीं अंग सांवरलें. हे गृहस्थ २०२५ च्या जुलैंत इटलींत एका पॅराग्लायडरच्या अपघातांत मरण पावले, जेथें श्वासाला हवा भरपूर होती अशा उंचीवर.

ॲलन यूस्टेस हे संगणकशास्त्रज्ञ. त्या वेळीं गूगल कंपनींतील वरिष्ठ अधिकारी. त्यांनीं प्रसिद्धीचा गाजावाजा न करतां सुमारें तीन वर्षें तयारी केली, आणि या साऱ्या इतिहासांतून घ्यावयाचा तो बोध घेतला असें म्हणावें लागतें. डोल्गोव्ह यांची कांच पाळण्यावर आपटली. यूस्टेस यांनीं पाळणाच काढून टाकला. पोशाख चढवून ते फुग्याखालीं तसेच टांगले गेले. किटिंजर यांच्यामागें लहान छत्री होती. यूस्टेस यांनींहि ती घेतली, मात्र तिची दोरी अंगाभोवतीं गुंडाळणार नाहीं अशी व्यवस्था करून. २४ ऑक्टोबर २०१४ रोजीं सकाळीं न्यू मेक्सिकोंतील रॉझवेलहून ते निघाले, दोन तासांनीं एक्केचाळीस किलोमीटरांवर पोचले, आणि एका लहानशा स्फोटानें फुग्यापासून सुटले. बाउमगार्टनर यांच्यापेक्षां अधिक उंचीवरून पडूनहि शेंपटीच्या छत्रीमुळें त्यांचा वेग थोडा कमी भरला, ताशीं १,३२१ किलोमीटर. पण ते गरगरले नाहींत. ध्वनीचा वेग ओलांडल्याचा धडाका जमिनीवर उभ्या असलेल्यांना स्वच्छ ऐकूं आला. यूस्टेस यांना मात्र तो ऐकूं आला नाहीं. त्या वेळीं ते आपल्या आवाजाच्या पुढें होते.